कमळूदादांना ड्रायरवर पाठवा

पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी सतरा वर्षं नोकरी केली, आणि पुठ्ठा कसा तयार होतो हे मला आजही धड सांगता येत नाही. एका टोकाने भाताचा पेंढा आणि रद्दी आत जाई, दुसऱ्या टोकाने तपकिरी, जाड ताव बाहेर पडत. मधल्या दोनशे पावलांत काय होई ते मी पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. कारण माझी नोकरीच कानाची होती. खोपोलीच्या त्या कारखान्यात मी टेलिफोनच्या बोर्डावर बसत असे.

आजच्या वाचकाला बोर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. कारखान्याच्या आतल्या आत बोलायला चाळीसेक फोन होते. बॉयलर, पंप, स्टोअर, कँटीन, साहेब लोकांच्या केबिनी. पण त्यातल्या कुणालाही दुसऱ्याशी थेट बोलता येत नसे. फोन उचलला की माझ्यासमोरच्या लाकडी बोर्डावर त्या नंबरची छोटी झडप टपकन खाली पडे. मी दोरीचं एक टोक तिथे खुपसून विचारायचं, "नंबर?" आणि सांगतील त्या भोकात दुसरं टोक खुपसायचं. बोलणं झालं की दोरी ओढून घ्यायची. बस्स, इतकंच काम. दहीवलीहून मी सकाळच्या गाडीने येई आणि संध्याकाळी परत जाई. रात्री बोर्डावर टाइमकीपर बसत. त्यांच्या पाळीतल्या भानगडी त्यांनीच लिहाव्यात.

आता गंमत अशी, की 'नंबर?' या प्रश्नाचं उत्तर मला कारखान्यात फारसं कुणी दिलं नाही.

नोकरीला लागल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी झडप पडली. मी म्हटलं, "नंबर?"

पलीकडून आवाज आला, "बाय, लगदा लाल येतंय."

"नंबर सांगा."

"अवो, नंबर कशाला? लगदा लाल येतंय म्हनून सांगतंय ना."

मला काहीच बोध होईना. लगदा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, तर तो लाल का येतो आणि आला तर कुणाला सांगायचं हे मला काय कळणार? मी त्याला देखभाल खात्याच्या केबिनला जोडलं. तिथून उत्तर आलं, हे आमचं नाही, पाणीवाल्यांना विचारा. पाणीवाले म्हणाले, स्टोअरने गंजलेला पाइप दिला. स्टोअरचे गृहस्थ एरवीच कोण बोलतंय हे कळल्याशिवाय आपण जागेवर आहोत की नाही हे ठरवत नसत. अर्ध्या तासाने तीच झडप पुन्हा पडली. "बाय, अजून लालच येतंय." मला रडू आलं.

पण माणसं मला का सांगत होती तेही हळूहळू उमगलं. त्यांच्या दृष्टीने फोनमध्ये एक बाई होती आणि कारखान्यात कोण कुठे आहे हे त्या बाईला ठाऊक होतं. डॉक्टरकडे गेल्यावर 'मला यकृताशी जोडा' असं कुणी म्हणतं का? पोटात दुखतंय एवढंच सांगतो. तसंच ते. दोन-तीन वर्षांत मीही 'नंबर?' म्हणायचं सोडून दिलं. झडप पडली की म्हणे, "बोला, काय झालं?" वरिष्ठांना हे कळलं असतं तर मेमो मिळाला असता. टेलिफोन चालवणारीने संभाषणात भाग घ्यायचा नाही, असा लेखी नियम होता.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! बॉयलरवरचे एक गृहस्थ फोनवर इतके ओरडून बोलत की त्यांना फोनची गरजच नव्हती. हिशेबखात्यातले एक जण रोज बरोबर अकराला फक्त वेळ विचारत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला घड्याळ होतं. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "ते चालू आहे की बंद हे कळायला दुसरं घड्याळ नको का?" मी रोज वेळ सांगत राहिले.

पण मला लिहायचं आहे ते कमळूदादांविषयी.

कमळूदादा पाताळगंगेपलीकडच्या एका गावातले. घरची भातशेती, लावणीच्या दिवसांत हक्काची रजा, एरवी कारखान्यात खलाशी. खलाशी म्हणजे उचल-ठेव करणारा, फिटरच्या हाताखालचा माणूस. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. ते खलाशी होते हे हजेरीपुस्तकात लिहिलेलं होतं. ते आणखी काय होते, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पुठ्ठ्याचा ओला ताव वाळवायला तिथे मोठे लोखंडी ड्रम एका ओळीत होते. आतून वाफ सोडलेली, बाहेरून ताव गुंडाळत जायचा. याला ड्रायर म्हणत. वाफेचं पाणी होतं, आणि ते पाणी आपोआप बाहेर जायला एक झडप असे. ती अडकली की त्या ड्रमच्या पोटात पाणी साचे, ड्रम गार पडे आणि ताव दमट निघे. एवढं मला पुढे सतरा वर्षांत समजलं. प्रश्न असा, की इतक्या ड्रमांपैकी पाणी कुठल्यात साचलंय? इंजिनियर लोक एकेक ड्रम तपासत जात. त्यात निम्मी पाळी जाई. कमळूदादा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जात आणि एका ड्रमसमोर थांबत.

तर ड्रायरवरून फोन आला, "बाय, माल दमट निघतंय", की मी नियमाप्रमाणे देखभाल खात्याचे मुख्य पेंडसेसाहेब यांच्या केबिनला कळवी. आणि मग लगेच दुसरी दोरी उचले. कमळूदादांना फोन कुठला असणार? पण ते सकाळी पंपाकडे असत, दुपारच्या आधी स्टोअरच्या मागे आणि जेवणानंतर कँटीनच्या ओट्यावर. त्या वेळी त्या ठिकाणी मी फोन करी आणि जो उचलेल त्याला एकच वाक्य सांगे, "कमळूदादांना ड्रायरवर पाठवा." कोण बोलतंय, कुणी बोलावलंय, काही नाही. दोरी ओढून मी मोकळी.

पेंडसेसाहेब पोचत तेव्हा कमळूदादा आधीच हात मागे बांधून एका ड्रमसमोर उभे असत. म्हणत, "साहेब, ह्याला जरा हात लावून बगा." साहेब बघत, झडप उघडवत, पाणी निघून जाई. नोंदवहीत साहेबांच्या सहीने नोंद होई: दोष सापडला, दुरुस्त केला. साहेब वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्यांना वाटे, कमळूला ड्रायरच्या फोरमनने बोलावलं असेल. फोरमनला वाटे, साहेबांनी पाठवलं असेल. आणि कमळूदादांना काय वाटे हे मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटे, मीच बोलावते हे त्यांना ठाऊकच असणार.

असा सगळा कारभार चालला होता. कुणालाच नीट माहीत नव्हता आणि तरी चालत होता. मग मुंबईच्या मुख्य कचेरीने तो सुधारायचं ठरवलं.

नवा आपोआप चालणारा बोर्ड येणार असं जाहीर झालं. प्रत्येकाने स्वतः तबकडी फिरवायची आणि हव्या त्या माणसाशी बोलायचं. त्याआधी मुंबईहून एक सल्लागार आले. सफारी सूट, हातात चामडी बॅग, बोलणं अतिशय सभ्य. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यातलं ज्ञान माणसांच्या डोक्यात अडकून पडलंय, ते कागदावर आणून सगळ्यांना वाटलं पाहिजे. ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कुणीतरी शहाणं माणूस आलं असं वाटलं. त्यांनी मला आखलेले कागद दिले. पहिल्या रकान्यात तक्रार, दुसऱ्यात 'कोणास कळवावे', तिसऱ्यात फोनचा नंबर. म्हणाले, "बाई, या कारखान्यात कोणाला काय येतं हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. तुम्हीच भरा."

इतकी वर्षं त्या खुर्चीत बसले, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून यादी केली. एवढंच नाही, हौसेने कमळूदादांना बोर्डाच्या खिडकीशी बोलावून घेतलं. म्हटलं, पाणी भरलेला ड्रम कसा ओळखायचा तेही लिहून टाकू.

"काय सांगू बाय? त्याचा आवाज जड येतो."

"जड म्हणजे कसा?"

"गाभन म्हस चालते ना, तसा."

"आणि हाताला?"

"हाताला काय, समदेच गरम लागतात. पन त्यो गरम असून नसल्यागत लागतो."

मी लिहिलं: आवाज जड येतो, गरम असून नसल्यासारखा लागतो. सल्लागारांनी तिथेच येऊन ते वाचलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "आवाज किती जड, याचं काही माप?" मी कमळूदादांकडे पाहिलं. कमळूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मग सल्लागारांनी ती ओळ पेन्सिलीने खोडली. खरं सांगते, त्यांचंही चुकलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. गाभण म्हशीवरून दुसऱ्या कुणाला तो ड्रम सापडला असता का? मलाच सापडला नसता.

यादी मात्र पुरी झाली. अर्ध्याहून अधिक ओळींत 'कोणास कळवावे' खाली मी लिहिलं होतं, कमळू, खलाशी. आणि तिसऱ्या रकान्यात: सकाळी पंप, दुपारच्या आधी स्टोअर, जेवणानंतर कँटीन.

पेंडसेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. यादी टेबलावर होती. ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले.

"बाई, म्हणजे कमळूला दर वेळी तुम्ही बोलावत होतात?"

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही."

त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "वाफेच्या झडपेच्या आसपास खलाशाने जायचं नाही, असा सुरक्षिततेचा नियम आहे. हा कागद मुंबईला गेला तर पहिला मेमो त्याला, दुसरा तुम्हाला, तिसरा मला. त्याचं नाव काढा. हुद्दे लिहा नुसते. त्याच्या भल्यासाठीच सांगतोय. फिटरच्या जागा निघणार आहेत. त्याला अर्ज करू दे, माझं मी बघतो."

मला ते पटलं. आजही वाचून बघा, त्यात न पटण्यासारखं काय आहे? मी घरी नेऊन यादी नव्याने लिहिली. जिथे कमळू होतं तिथे 'देखभाल अभियंता' लिहिलं. कमळूदादांना विचारावं हे मला सुचलं नाही.

नवा बोर्ड आला. राखाडी रंगाचं एक कपाट, आत टकटक आवाज. प्रत्येक फोनशेजारी छापील यादी टांगली. मला फक्त बाहेरगावचे फोन उरले. सल्लागार गेले, जाताना मला पेढे देऊन गेले. पहिल्या पंधरवड्यात माल तीनदा दमट निघाला. तिन्ही वेळा ड्रायरवाल्यांनी यादी बघितली, तबकडी फिरवली आणि देखभाल अभियंत्याला कळवलं. सगळं नियमाप्रमाणे. एकेक ड्रम तपासत गेले. एकदा तर साहेब रजेवर होते म्हणून मशीन दीड पाळी बंद राहिली. कमळूदादा तिथून शंभर पावलांवर, कँटीनच्या ओट्यावर बसलेले होते. आपल्याला कुणी बोलावलं नाही तर आपण होऊन वाफेकडे जाणारे ते नव्हते. त्यांना नियम माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते.

फिटरच्या जागांचा कागद फळ्यावर लागला, आणि आठवड्याभराने पेंडसेसाहेबांनी मला दारातच थांबवलं. "कमळूने अर्ज भरला होता, काल परत घेतला. का, ते सांगत नाही. तुम्ही विचारा जरा. शनिवारी मुदत संपते."

दुपारी मी कमळूदादांना निरोप पाठवला. ते खिडकीशी येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन. कमळूदादा टोपी काढून उभे आहेत हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कमळूदादा, अर्ज का परत घेतलात?"

"जाऊं दे ना बाय. आता कशाला?"

"चार वर्षं राहिली ना निवृत्तीला? मग?"

"व्हय. खलाशी म्हनून आलू, फिटर म्हनून घरी जावं, असं लई वाटत व्हतं." ते पुढे म्हणाले, "पन साहेबाचाच माज्यावरचा इस्वास उडला, तं अर्ज करून काय? अकरा वर्सं दर टायमाला साहेब बोलवायचा. आता ड्रायर बंद पडला तरी बोलवत नाय. माजं काय चुकलं, तेवडं साहेबाला इचाराल का?"

मला काही क्षण कळेचना ते काय म्हणताहेत. मग कळलं. मी कँटीनला एकच वाक्य सांगायची, 'कमळूदादांना ड्रायरवर पाठवा.' ऑफिसातून फोन आला म्हणजे साहेबांचाच असणार, असं धरून कँटीनवाला ओट्यावर जाऊन म्हणायचा, "कमळू, साहेबांनी बोलवलंय." पंपावरचा तेच म्हणायचा, स्टोअरवाला तेच. अकरा वर्षं ते साहेबांच्या बोलावण्यावर गेले होते. घरी बायकोला सांगितलं असेल, साहेबांना माझ्याशिवाय चालत नाही. गावात सांगितलं असेल.

गप्प बसावं की सांगावं? गप्प बसले तर अर्ज मागेच राहणार. सांगितलं तर अकरा वर्षं काढून घेतल्यासारखं होणार. मला त्या वेळी दोन्ही दिसत होतं आणि काहीच धड दिसत नव्हतं. मी सांगून टाकलं.

"दादा, साहेब बोलवत नव्हते. मीच बोलवत होते."

"तुमी? तुमाला ड्रायरमदलं कळतं?"

"नाही. काहीच नाही."

"मंग मला कशापायी बोलवत व्हता?"

माझ्याकडे खरं उत्तर एकच होतं. "तुम्ही गेलात की तिथून पुन्हा फोन येत नसे. दुसरं कुणीही गेलं तर यायचा. मला तेवढंच समजायचं."

कमळूदादा खिडकीच्या कडेला हात ठेवून उभे राहिले. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. रडतात की काय असं वाटलं, पण तसं नव्हतं. ते म्हणाले, "आसं व्हय." पुन्हा म्हणाले, "आसं व्हय." आणि मग एकदम, कारखान्यात कधी कुणाकडे काही न मागितलेला तो माणूस माझ्यापाशी मागता झाला.

"बाय, मंग हे कागदावर लिवून द्याल का? आत्ता बोलल्या तेच. फिटरचं काम केल्याचं लिवलेलं दाखवा म्हनतात, आन् वहीत तं समद्या साहेबाच्या सह्या हायेत. तुमी लिवून दिलं तं मी पुन्ना अर्ज भरतो."

अकरा वर्षं मी एकाही दोरीसाठी कुणाला विचारलं नव्हतं. पण कागद म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यापुढे तो पहिला मेमो आला, दुसरा आला. यादीत मी स्वतः दुसरंच लिहून दिलंय आणि आता हे लिहिलं तर मी तेव्हा खोटी की आता, असं काहीतरी डोक्यात गरगरलं. भीती होती की लाज होती, हे मला आजतागायत वेगळं काढता आलेलं नाही.

मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते."

कमळूदादांनी टोपी डोक्यावर ठेवली. "बरं," म्हणाले, आणि गेले.

तो बुधवार होता. गुरुवारी साहेब केबिनमध्ये होते. शुक्रवारी होते. शनिवारी संध्याकाळी मुदत संपली तेव्हाही ते माझ्यासमोरच्याच दारात उभे राहून कुणाशी तरी हसून बोलत होते. मी त्यांना विचारलं नाही.